चातुर्मासातली साफसफाई

समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाच्या संगणकात लग्नाळू मंडळींपेक्षा लग्न होऊन गेलेल्यांचीच गर्दी जास्त झाली आहे, हा शोध बद्रीनाथरावांना ज्येष्ठात लागला. निमित्त साधं होतं. शहागंजात कापडाच्या दुकानावर मंडळाचं कार्यालय आहे. तिथं एक पालक मुलीसाठी स्थळ बघायला बसले आणि पडद्यावर मुलाचा फोटो वरून खाली उतरायला लागला. आधी केस आले. मग कपाळ आलं. भुवयांपाशी मशीन थांबलं. पालकांनी चहा मागवला, तो पिऊन झाला, तरी नाक येईना.

"राहू द्या," पालक उठत म्हणाले. "यायलाच एवढा वेळ लावणारा मुलगा पुढं संसारात काय दिवे लावणार?"

चांगलं शिकलेलं, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट असलेलं स्थळ केवळ नाक न आल्यामुळं हातचं गेलं.

बद्रीनाथराव एका सरकारी कचेरीतून संगणक विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. मंडळाचं संगणकाचं काम ते मानद करत. मानद म्हणजे फुकट. मात्र तक्रारी ऐकून घ्यायच्या त्या पूर्ण पगारी माणसासारख्या. मंडळाची मशीनं तीन. एक शहागंजात, एक गंगापूरला आणि एक वैजापूरला, मार्केट यार्डातल्या कारभारी अण्णांच्या कांद्याच्या आडतीत. तिन्हींवर एकच माहिती असायची. एकीकडं काही बदललं की इतर दोघांना आपोआप कळायचं. बद्रीनाथराव याला रेप्लिकेशन म्हणत. त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाई म्हणत, "म्हणजे जावा-जावांसारखंच की. एकीला कळलं की तिघींना."

उपमा घरगुती असली तरी तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती, हे बद्रीनाथरावांनी कधी कबूल केलं नाही.

अडचण पुसण्याची होती. कुणाचं लग्न जमलं की त्याचं स्थळ काढून टाकायचं. पण नुसतं पुसून भागत नाही. शहागंजात पुसलेला मुलगा गंगापूरच्या मशीनवर शिल्लक असतो. ते मशीन म्हणतं, "अरे, हा तुझ्याकडं कसा नाही? घे." की मुलगा परत हजर. म्हणून पुसलेल्या प्रत्येकाच्या जागी मशीन एक खूण ठेवतं: हा गेला, परत घेऊ नये. ती खूण सगळीकडं पोचली की तिचं काम संपलं. पण काम संपलेल्या खुणा काढायच्या असतात, हे मंडळ स्थापन झाल्यापासून कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्यांची लग्नं होऊन आता मुलं दहावीला बसली, त्यांच्याही खुणा मशीन उराशी धरून बसलं होतं.

बद्रीनाथरावांनी महिन्याहून जुन्या खुणा झाडून टाकणारा एक छोटासा प्रोग्राम लिहिला. एरवी एखाद्यानं तो लगेच चालवला असता. पण न तपासता काही करायचं नाही, हा त्यांचा नोकरीतला बाणा होता. त्यांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर दोन जुने लॅपटॉप मांडले, एकावर 'शहागंज' आणि दुसऱ्यावर 'गंगापूर' अशी चिठ्ठी डकवली. 'वैजापूर'साठी लॅपटॉप नव्हता. पण दोन मशीनांना जे लागू ते तिसऱ्याला लागू, असं ते धरून चालले. मग सगळं कुटुंब आठवडाभर खाली बसून जेवलं.

चाचणी उत्तम झाली. पुसलं, खूण पोचली, खूण झाडली, पुसलेला परत आला नाही. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. बँकेतून निवृत्त झालेले सोमनाथराव म्हणाले, "आमच्या वेळी आम्ही काही पुसायचोच नाही. नुसती लाल रेघ मारायचो. आजतागायत चाललंय." ही बँक आता दुसऱ्या बँकेत विलीन झाली आहे, हे कुणी बोललं नाही.

समोरच्या घरातले निजामुद्दीनभाई मात्र गंभीर झाले. शहागंजात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं.

"साहब, टेबल पे रखी हुई घडी सबकीच बरोबर चलती," ते म्हणाले. "हातात बांधा, मोटारसायकलवर बसा, खड्ड्यातून जाऊन या. फिर मालूम पडता."

"म्हणजे खऱ्या मशीनवर करून बघू म्हणता?"

"मैं क्या बोलता? घडी बोलती."

बद्रीनाथरावांना पटलं. खऱ्या मशीनवर एक स्थळ घालायचं, तिन्हीकडं पोचू द्यायचं आणि मग पुसायचं. पण स्थळ कुणाचं घालणार? दुसऱ्याच्या पोरीबाळी चाचणीला वापरणं बरं नव्हतं. खोटं स्थळ घालावं, तर 'खोटी माहिती भरणाऱ्यास कायमचे बाद करण्यात येईल' हा मंडळाचा नियम त्यांनी स्वतःच लिहिलेला. तेव्हा पूर्णपणे खरी माहिती देता येईल असा एकच माणूस उरला.

त्यांनी स्वतःचं नाव भरलं. वय बासष्ट, उंची पाच फूट पाच, निवृत्तिवेतनधारक, सिडकोत स्वतःचं घर. 'वैवाहिक स्थिती' या रकान्यात विवाहित असा पर्यायच नव्हता; वधू-वर मंडळात तो कशाला असेल? 'विधुर' निवडावं, तर आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. 'घटस्फोटित' निवडायला हात धजेना. शेवटी त्यांनी 'प्रथम वर' निवडलं. ते एकदाच वर झाले होते, तेव्हा तेही खोटं नव्हतं. 'अपेक्षा' हा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. तिथं त्यांनी फारसा विचार न करता लिहिलं, 'शांत स्वभावाची, मितभाषी.'

नवीन स्थळ आलं की जुळणाऱ्या घरांना व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप निरोप जायचा. तो भाग त्यांनी तेवढ्यापुरता बंद ठेवला. एवढं भान त्यांना होतं. तिन्ही मशीनांवर नाव पोचल्याची खात्री करून घेतली, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी स्वतःला पुसून टाकलं आणि निरोप परत चालू केले. त्यांचं नाव शहागंजातून गेलं. गंगापूरहून गेलं. वैजापूर यथावकाश कळवणारच होतं.

आता प्रत्यक्ष साफसफाईला समितीची मंजुरी हवी होती. समितीची बैठक झाली. एका सदस्यानं विचारलं, "खुणा काढल्या आणि उद्या कुणाचं मोडलं, तर?" दुसऱ्यानं विचारलं, "खुणा कुणाच्या आहेत त्यांची परवानगी घेतली का?" तिसरे झोपले होते, उठल्यावर म्हणाले, "मी सहमत आहे, पण कशाशी?" अखेर शाखांकडून हरकती मागवाव्यात असं ठरलं. बद्रीनाथरावांनी कचेरीतल्या वळणाची नोटीस काढून तिन्ही मशीनांवर पाठवली: 'मुदतीत हरकत न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल.' या एका वाक्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली होती. गंगापूरहून 'हरकत नाही' आलं. वैजापूरहून काहीच आलं नाही, म्हणजे वैजापूरची पूर्ण संमती होती.

या दरम्यान, श्रावणात, एक मोठी गोष्ट घडली. बद्रीनाथरावांच्या मुलीचं, श्रेयाचं लग्न जमलं. मुलगा अतुल, मंडळातूनच आलेला. दोघांनी वाळूजच्या आपापल्या कंपन्यांतून सुट्ट्या काढून तीनदा भेटून पक्कं केलं. अतुलचे वडील नानासाहेब, गंगापूरकडचे, ऊसवाले. बोलणी चातुर्मासात झाली तरी लग्न मार्गशीर्षात धरलं. बद्रीनाथरावांनी स्वतःच्या हातानं दोघांची स्थळं मशीनमधून काढली, आणि त्या दिवशी घरात शिरा झाला.

धाकधूक होती ती नानासाहेबांची. माणूस चांगला, पण मानाला जपणारा. अतुलची आधीची एक सोयरीक त्यांनी मोडली होती. मुलीचे काका त्यांना बघून उठून उभे राहिले नाहीत, एवढंच कारण. भांडले नाहीत, बोलले नाहीत. समोर ठेवलेल्या पाण्याला हात न लावता उठले आणि निघून आले. तेव्हापासून चंद्रकलाबाईंनी घरातल्या सगळ्यांना, अगदी बद्रीनाथरावांनाही, पटकन उठून उभं राहायची सवय लावली होती.

दसरा झाल्यावर बद्रीनाथरावांनी शहागंज आणि गंगापूरच्या खुणा झाडल्या; वैजापूरची पाळी नंतर होती. मशीन पिसासारखं हलकं झालं. फोटो एका दमात येऊ लागले, नाकासकट. समितीनं अभिनंदनाचा ठराव केला. बद्रीनाथरावांनी तो फ्रेम करून घेतला.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी ते अंगणात वृंदावनाला गेरू लावत होते. घरातून चंद्रकलाबाईंचा आवाज आला.

"अहो, पैठणहून फोन आहे. तुम्ही किती शिकलात म्हणून विचारतायत."

"कशाला?"

"त्यांच्या बहिणीसाठी. पंचावन्नच्या आहेत, शिक्षिका होत्या. वय जरा जास्त आहे तुमचं, पण पेन्शन असंल तर हरकत नाही म्हणतायत."

बद्रीनाथरावांच्या हातातला ब्रश गेरूच्या डब्यात पडला. आत येऊन त्यांनी मोबाइल उघडला. मंडळाचे निरोप चालूच होते. 'आनंदाची बातमी! आपणांस अनुरूप नवीन स्थळ!' पाठोपाठ फोन. गंगापूरच्या एका गृहस्थांचं श्रावणातच कोर्टात लग्न झालं होतं आणि त्यांना तीन स्थळं आली होती. बद्रीनाथराव त्यांची माफी मागू लागले, तर तिकडून हळू आवाजात उत्तर आलं, "साहेब, लगेच काढू नका. संध्याकाळपर्यंत राहू द्या. बायकोला दाखवायचंय."

बद्रीनाथरावांनी वैजापूरला फोन लावला.

"अण्णा, तुमचं मशीन मध्यंतरी बंद होतं का?"

"व्हय," कारभारी अण्णा प्रसन्नपणे म्हणाले. "एकादशीला ठेवलं, आज काढलं. हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, चालू केलं. लई आराम भेटला त्याला. काय पटापट चालतंय बघा!"

"चार महिने बंद?"

"चातुर्मासात सोयरिकीला हात लावत नाय आपण. वडलांपासनं रीत हाय. पिवळ्या फडक्यात बांधून देवघराच्या फडताळात ठेवलं व्हतं. उंदीर बी शिवला नाय."

"अहो, मी नोटीस पाठवली होती! हरकत असल्यास कळवा म्हणून!"

"कशावर पाठवली व्हती?"

"मशीनवर."

"मग फडताळात असंल. बघतो."

बद्रीनाथरावांना आता सगळं दिसलं. वैजापूरच्या मशीननं झोपताना जी माणसं पाहिली होती, ती उठल्यावर सगळी जिवंत होती. ती गेल्याचं त्याला सांगायला ज्या खुणा होत्या, त्या बद्रीनाथरावांनी केव्हाच झाडून टाकल्या होत्या. मशीननं भावंडांना विचारलं, "हे तुमच्याकडं कसे नाहीत? घ्या." भावंडांनी घेतले. नवी स्थळं आली म्हणून घरोघर निरोप गेले.

"पण महिन्याहून जास्त मशीन बंद ठेवतं का कुणी, अण्णा?" ते काकुळतीला येऊन म्हणाले.

"साहेब, चार महिने देव झोपतो," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुमचं मशीन काय देवापरीस मोठं हाय?"

बद्रीनाथरावांनी फोन ठेवला. चाचणीच्या टेबलावर दोन्ही लॅपटॉप सतत जागे होते. तिसरा, चार महिने झोपणारा लॅपटॉप बद्रीनाथरावांनी मांडलाच नव्हता.

एवढ्यात चंद्रकलाबाई मोबाइल घेऊन समोर आल्या. चष्मा लावून त्या वाचत होत्या. "'अपेक्षा: शांत स्वभावाची, मितभाषी,'" त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचलं.

"अगं, तो रकाना रिकामा सोडता येत नव्हता."

"बरं."

"चाचणी होती ती."

"हो का. पस्तीस वर्षं झाली चाचणीला," चंद्रकलाबाई म्हणाल्या आणि मितभाषीपणानं आत निघून गेल्या. तो मितभाषीपणा बद्रीनाथरावांना फार लागला.

पण खरा घाव पुढं होता. यादीत त्यांच्यापाठोपाठ श्रेयाचं नाव होतं. छायाचित्रासकट, 'स्थळ पाहणे चालू आहे' या शिक्क्यासह. निरोप प्रत्येक अनुरूप घरी गेला होता. त्यात नानासाहेबांचंही घर होतं, कारण अतुलही परत आला होता. मशीननं अगदी इमानदारीनं नानासाहेबांना कळवलं होतं, की आपल्या मुलाला अनुरूप अशी सिडकोतली एक मुलगी मोकळी आहे.

बद्रीनाथरावांनी नानासाहेबांना फोन केला. लागला नाही. परत केला. तिकडून कापला गेला. मार्गशीर्षाचं मंगल कार्यालय ठरलं होतं, पत्रिका छापायला गेल्या होत्या, श्रेयाच्या मैत्रिणींनी सुट्ट्या टाकल्या होत्या. सोमनाथराव कुंपणावरून म्हणाले, "लाल रेघ मारली असती तर ही वेळ आली नसती."

दुपारी दारात गाडी थांबली. नानासाहेब एकटेच उतरले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, चेहरा बंद. घरातले सगळे एकदम उठून उभे राहिले. निजामुद्दीनभाई सांत्वनाला आले होते, तेही उठले. गडबडीत सोमनाथरावसुद्धा आपल्या अंगणात उठून उभे राहिले.

नानासाहेब बसले. चंद्रकलाबाईंनी पाण्याचा तांब्या-पेला समोर ठेवला. ते पेल्याकडं बघत राहिले. हात लावला नाही.

"आमचं काय चुकलं, ते सांगा," नानासाहेब म्हणाले. "मुलीच्या मनात नसंल तर तसं बोला. गावभर जाहिरात कशापायी?"

बद्रीनाथराव सांगू लागले. पुसणं, खुणा, साफसफाई, वैजापूर, फडताळ, पिवळं फडकं. जसजसं ते सांगत गेले तसतसं त्यांचं त्यांनाच ते खोटं वाटू लागलं. नानासाहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे कांद्याच्या आडतीतलं मशीन झोपलं व्हतं, म्हणून तुमची पोरगी बाजारात आली?"

"तंतोतंत," बद्रीनाथराव म्हणाले, आणि आपण अगदी चुकीचा शब्द वापरला हे त्यांना लगेच जाणवलं.

"नानासाहेब, मशीन बेइमान नसतं, भोळं असतं," निजामुद्दीनभाई मध्ये पडले. "उसको जो आखिर में बताया, वोईच याद रखता."

"भोळं? माझ्या घरी सकाळधरनं फोन चाललेत. आमच्या पोराचं मोडलं का म्हणून लोक इचारतायत." नानासाहेबांनी गुडघ्यावर हात टेकले. उठायचीच तयारी होती ती. पेला तसाच भरलेला. बद्रीनाथरावांना त्या पेल्याखेरीज काही दिसेना.

आतल्या खोलीतून श्रेया आली. तिच्या हातात मोबाइल होता आणि ती हसू दाबत होती.

"बाबा, तुम्ही नानांना उगीच मशीन समजावताय," ती म्हणाली. "नाना, मी आणि अतुल सकाळपासून बोलतोय. त्याला आलेल्या स्थळांचे फोटो तो मला पाठवतोय. त्यातली एक मी त्याला सुचवलीही, चांगली डॉक्टर आहे म्हणून. तर रुसलाय."

नानासाहेबांचे हात गुडघ्यावरून सुटले. "किती आली त्याला?"

"सहा."

"सहाच?" नानासाहेबांचा आवाज दुखावला. "एवढी बागायत, एकुलतं एक पोरगं, इंजिनिअर. सहाच?"

मशीनच्या वतीनं बद्रीनाथरावांनी मान खाली घातली.

"आणि तुला?" नानासाहेबांनी विचारलं.

"अकरा," श्रेया म्हणाली. "अजून येतायत. एक नाशिकचा बागाईतदार आहे, एक पुण्याचा, तो अमेरिकेला जाणारे. मी सगळ्यांना सांगितलं, माझं ठरलंय. मुलगा गंगापूरचा आहे."

टोपी काढून नानासाहेबांनी डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर कसला तरी हिशेब चालला होता. मानाचा होता तो, आणि मानाच्या हिशेबात नानासाहेब पक्के होते. सहा स्थळं आलेल्या मुलाला अकरा स्थळं आलेली मुलगी, तीही बाकी सगळ्यांना नकार कळवून, आपण होऊन येत होती.

"अमेरिकेवाल्याला बी नाय म्हणलीस?"

"त्याला सगळ्यात आधी."

नानासाहेबांनी पेला उचलला आणि वरून गटागटा पाणी पिऊन टाकलं. चंद्रकलाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि चहाला आत गेल्या. बद्रीनाथराव इतका वेळ उभेच होते. ते आता बसले.

चहा घेताना नानासाहेबांचा आवाज मोकळा झाला. "काय हो व्याही," त्यांनी मिश्कीलपणानं विचारलं, "तुम्ही बी हाय म्हणं यादीत. तुम्हाला किती आली?"

बद्रीनाथराव बशीत चहा ओतू लागले.

"चार," चंद्रकलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पैठणच्या बाईंशी माझं बोलणं चालू आहे. स्वभावानं शांत वाटल्या."

पुढचे आठ-दहा दिवस बद्रीनाथराव परत आलेल्या एकेकाला फोन करून, त्याच्या घरच्यांचा होकार घेऊन पुसत बसले. मशीनचा नवा नियम झाला: तिन्ही शाखांनी 'पोचलं' असं स्वतः कळवल्याशिवाय एकही खूण हलवायची नाही; गप्प बसणं ही संमती धरायची नाही. त्याउपर खूण निदान किती महिने ठेवायची यावर समितीत वाद झाला. चार महिने पुरेत असं बहुतेकांचं मत पडलं. तेव्हा कारभारी अण्णांनी वैजापूरहून फोनवर सांगितलं, "अधिक मास आला म्हंजी? पाच धरा." पाच धरले. चाचणीसाठी जेवणाच्या टेबलावर आता तिसरा लॅपटॉप असतो, आणि तो बंद असतो. कुटुंब अजून खालीच जेवतं.

मार्गशीर्षात लग्न लागलं. नानासाहेब दारात उभे राहून पाहुण्यांचं स्वागत करत होते आणि प्रत्येकाला सूनबाई लांबून दाखवत होते. "अकरा स्थळं नाकारून आली आमच्याकडं," ते पहिल्या पाहुण्यांना म्हणाले. अक्षता पडेपर्यंत अकराची पंधरा झाली होती. पहिली पंगत उठली तेव्हा ते कुणाला तरी सांगत होते, "एकवीस! त्यात दोन अमेरिकेची."

बद्रीनाथराव शेजारीच उभे होते. त्यांनी आकडा दुरुस्त केला नाही.